हॅस्किनांच्या घरची वाटणी

१

म्हाताऱ्याला टेकडीवर पुरून घरची माणसं खाली गेली. पानावर बसायच्या आधी थोरल्या नॅथॅनिएलनं बापाच्या मेजाचा खण उघडला. खण रिकामा होता. अ‍ॅम्ब्रोज हॅस्किनचं मृत्युपत्र गायब झालं होतं.

त्याची बोंब आम्हाला टेकडीवर ऐकू आली. आम्ही दहा जण अजून खड्ड्यावर माती ओढत होतो. अकरावी माझी लेक लेटी. तिला मालकीणबाईंनी सोबत खाली नेलं होतं. मी फावडं खाली ठेवलं. खणात काय होतं ते मला ठाऊक होतं. आम्ही होतो त्या खणात, अकराच्या अकरा.

गेल्या नाताळात म्हाताऱ्यानं सगळ्यांना बसवून तो कागद वाचून दाखवला होता. नदीकाठची सुपीक पट्टी धाकट्या लायनलला. वरचं माळरान आणि गिरणी नॅथॅनिएलला. राहतं घर बायको हयात असेपर्यंत तिला. आणि तो डोळे मिटेल त्या दिवशी आम्ही सगळे मोकळे. दहा वर्षांपूर्वी रिचमंडला तसा कायदा झाला होता, की मालकानं लिहून दिलं तर गुलाम सुटू शकतो. शेजारच्या बार्क्सडेलनं त्यावर साक्षीची सही केली होती, पण आतला मजकूर वाचला नव्हता. दुसरा साक्षीदार डॉक्टर, तो केंटकीला जाऊन मेला. ऐकणाऱ्या घरच्या तिघांना तर आता काहीच आठवेना.

कागद नसला की काय होतं, ते व्हर्जिनियात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोर्ट तीन पंच नेमतं. ते जमिनीचे वाटे करतात, मग माणसांचे. सारख्या किमतीच्या टोळ्या पाडतात आणि चिठ्ठ्या टोपीत टाकतात. आई एका चिठ्ठीत, लेक दुसऱ्या. माझी चार लेकरं. तीन या म्हाताऱ्यानं विकली. चौथी लेटी, एकोणीस वर्षांची. ती कुणाच्या चिठ्ठीत जाणार, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता.

"चोर या खोपटांतच आहे!" नॅथॅनिएल ओरडत टेकडीकडे आला. "एकेकाची झडती घ्या!"

म्हणजे आमच्या सुटकेचा कागद आम्हीच चोरला! असलं डोकं, आणि गिरणी त्याच्या नावावर होणार होती.

२

खोपटं उलटीपालटी झाली. माझ्या गवताच्या गादीला सुरी लावली, मक्याच्या पिठात हात घालून बघितलं. काही निघालं नाही. मी मनात म्हटलं, तुम्ही आमचं घर धुंडाळलंत, आता मी तुमचं धुंडाळते.

माझं नाव अ‍ॅगी. चाळीस वर्षं मी या मळ्यावर तंबाखूची वखार सांभाळली. पान काठ्यांवर कधी टांगायचं, कधी उतरवायचं, पिंपात कधी दाबायचं, हे मी बोटांनी बघून सांगायची आणि म्हातारा मुकाट्यानं ऐकायचा. बाकी बाबतीत माझ्या शब्दाला किंमत नव्हती. कोर्टात तर गोऱ्याविरुद्ध आम्हाला तोंडच उघडता येत नाही. पण ते आमच्यासमोर बेलाशक बोलतात. कुणाकडे चौकशी करायची तर हातात पाण्याची बादली असली की पुरे.

आधी मालकीणबाई. टॅबिथाबाई म्हाताऱ्याची दुसरी बायको, पोरांची सावत्र आई, अजून चाळिशीचीही नव्हती. मी शेगडीत लाकडं घालायला गेले तर त्या किल्लीकडे बघत बसल्या होत्या.

"बाईसाहेब, खण फोडलेला नाही म्हणे?"

"किल्लीनंच उघडलाय. मीच काढून घेतली ना त्यांच्या गळ्यातली. ती उशीखाली होती, आणि टेकडीवरून आल्यावर मी तिकडे फिरकलेच नाही. कुणीही नेऊन परत ठेवली असेल." मग डोळे पुसून म्हणाल्या, "अ‍ॅगी, आज टेकडीवर जाताना खण मी बघितला होता. कागद होता."

"मग खाली आल्यावर?"

"खाली आल्यावर माझे पाय गारठले होते. लेटीनं जेवणापर्यंत गरम पाण्यात धरून ठेवले."

लेटीनंही तेच सांगितलं. म्हणजे चोरी टेकडीवरून उतरणं आणि जेवण यांच्या मधल्या तासाभरात झाली होती. बाईंना कागद नको होता हे खरं. कागदानं त्यांना नुसतं घर मिळायचं, कागदाविना आमच्यातली तिसऱ्या हिश्श्याची माणसं. पण पाय गरम पाण्यात असताना चोरी होत नाही.

मग नॅथॅनिएल. तो तबेल्यात घोड्यावर डाफरत होता.

"नॅट मालक, घोडा लंगडत होता ना सकाळी?"

"टेकडीवरून परस्पर लोहाराकडे नेला. नवा नाल ठोकून आणला. तुला काय करायचंय गं म्हातारे?"

मी घोड्याचा पाय उचलून बघितला. नाल कोरा होता, खिळ्यांची डोकी चकचकीत. लोहाराचं दुकान नदीपलीकडे, जाऊन यायलाच तास लागतो. शिवाय बोंब त्यानं लोहाराकडून आल्या आल्या मारली होती. कागद ज्याच्याकडे आहे तो त्याच दिवशी खोपटं उसवत बसत नाही. हा माणूस दुष्ट होता, पण चोर हा नव्हता.

राहिला एक.

३

लायनल धाकटा. रिचमंडला वकिली शिकून आलेला, नखं स्वच्छ, आवाज मधाळ. बोलताना मला नेहमी 'अ‍ॅगी मावशी' म्हणायचा, आणि विकायच्या माणसांची यादी करताना पहिलं नाव माझ्याच पोराचं लिहायचा.

दुपारी लेटी घराच्या मागल्या पायरीवर त्याचा काळा कोट झटकत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"आई, हे बघ. तंबाखू."

"तंबाखूच्या मळ्यात तंबाखू. मोठाच शोध लावलास."

"थट्टा नको. कुठं लागलाय ते बघ."

बघितलं. कोटाचा पुढचा भाग साफ होता. मांडीवर काही नाही. उजव्या बाहीवर मात्र मनगटापासून कोपराच्या वर दंडापर्यंत बारीक चुरा चिकटलेला. बाहीच्या आतल्या अस्तरातसुद्धा. लेटीनं हे हेरलं याचा मला अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. हुशार पोरींची किंमत पंच जास्त लावतात.

लायनल ओसरीवर पाइप ओढत होता. मी सरबताचा पेला घेऊन गेले.

"मालक, कोटाला चुरा लागलाय. लेटी विचारतेय, ब्रशनं काढू की ओल्या फडक्यानं?"

त्यानं पाइप तोंडातून काढला. मग हसला.

"ब्रशनं. अगं, मन फार उदास झालं होतं. टेकडीवरून उतरलो तो सरळ वखारीत गेलो. बाबांचं शेवटचं पीक ना ते! दोन काठ्या खाली घेतल्या आणि बसून पानं उतरवली. हाताला काम असलं की बरं वाटतं, नाही का मावशी?"

"खरंय मालक. दोन्ही काठ्यांची?"

"दोन्ही. सगळी पानं."

"छान केलंत," मी म्हटलं आणि पेला ठेवून वखारीकडे निघाले. धावू नये म्हणून मी स्वतःला फार आवरलं.

चार दिवस वायव्येचा कोरडा वारा वाहत होता. असल्या वाऱ्यात टांगलेल्या तंबाखूला हात लावायचा नसतो. पान नुसतं बोट लागलं तरी चुरा होऊन खाली पडतं. पाऊस किंवा धुकं येऊन पान नरम पडलं की मगच काठ्या खाली घेतात, मग ते कातड्यासारखं वळतं. हे आमची पाच वर्षांची पोरंही जाणतात. तंबाखूच्या पैशावर वकील झालेल्या लायनलला ते ठाऊक नव्हतं. त्यानं जन्मात कधी पान उतरवलं नव्हतं.

वखारीत मी वर बघितलं. काठ्या जिथल्या तिथं, एकही हललेली नाही. खाली जमीन मी सकाळी झाडली होती तशीच स्वच्छ. त्या दिवशी दोन काठ्यांची पानं कुणी उतरवली असती तर घोट्याएवढा चुरा पडला असता.

मग मी भिंतीकडच्या पिंपांकडे वळले. तीन पिंपं भरून, झाकणं ठोकून तयार होती. चौथं कोरडा वारा सुटण्याआधी अर्धंच भरलं होतं. त्यावर मी फळी टाकून धोंडा ठेवला होता. धोंडा आता फळीच्या मधोमध नव्हता. मी फळी उचलली, आत बघितलं, आणि होती तशी परत ठेवली.

कागद कुठं आहे ते मला कळलं. पण माझ्या कळण्यानं कोर्टाचं पान हलणार नव्हतं.

४

"कळलंय ना? मग काढून आण!" लेटी कुजबुजली.

"आणि आणून काय करू? आपल्या हातात कागद दिसला की आपण चोर. मी तो बाईंना दिला तर शेगडीत जाईल. नॅथॅनिएलला दिला तर त्याच्या पाइपात जाईल. तो गोऱ्याच्या हातानं निघाला पाहिजे, आणि ज्याची त्यावर सही आहे त्याच्या डोळ्यांसमोर."

"तोवर लायनलनंच जाळला तर?"

"आज जाळणार नाही. जाळायचाच असता तर घरात चार शेगड्या पेटल्यात. कागद जाळतो तो मूर्ख, जपून ठेवतो तो वकील. कागदानं त्याला नदीकाठची पट्टी नक्की मिळते. कागद नसला तर पट्टी चिठ्ठीवर, पण माणसंही मिळतात. चिठ्ठ्या मनासारख्या आल्या की कागद जाळायचा. नाही आल्या तर, अरेच्चा, मृत्युपत्र सापडलं!"

"मग त्यानं अंगावर का नाही ठेवला?"

"बंधुराज जेवणाआधी खण उघडणार आणि सगळ्यांच्या पेट्या उलथणार, हे त्याला माहीत होतं. नॅथॅनिएलनं आपल्या भावाचे बूटसुद्धा उलटे केले."

आता लायनलला परत वखारीत जाऊ द्यायचं नव्हतं. मी एक काडी टाकली. संध्याकाळच्या आत नॅथॅनिएलला म्हटलं, "नॅट मालक, लायनल मालक आज वखारीत एकटेच बसले होते म्हणे. पिकाला कुलूप नको का? नाही, आपलं सहज."

त्याचे कान लाल झाले. दिवस मावळायच्या आत, तिऱ्हाईत म्हणून त्यानं बोलावलेला बार्क्सडेल स्वतः येऊन वखारीला कुलूप ठोकून गेला. किल्ली त्याच्या खिशात. भावाभावांत भांडण लावलं म्हणून मला पाप लागेल असं कुणाला वाटत असेल, तर लागू दे.

दहा दिवस गेले. वारा फिरला, पाऊस झाला. अकराव्या सकाळी पंच आले. पाऊस होता म्हणून वाटणी वखारीतच मांडली. बार्क्सडेल मुख्य. उंच, सावकाश बोलणारा, जन्मभर तंबाखू केलेला माणूस. आम्हाला भिंतीला ओळीनं उभं केलं. दात बघितले, हात बघितले. लेटीला दोन पावलं चालायला लावलं. मी दात आवळून उभी राहिले.

आधी जमीन. लायनलनं टोपीत हात घातला. नदीकाठची पट्टी त्याला आली.

मग माणसं, तीन चिठ्ठ्या. मी टॅबिथाबाईंच्या वाट्याला गेले. नॅथॅनिएलला चार दांडगे गडी मिळाले. लायनलनं आपली चिठ्ठी उलगडून सावकाश वाचली. चार नावं होती. तिसरं लेटीचं.

"वा," तो म्हणाला. मग मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारच्या पंचाला विचारलं, "जॉर्जियाचा तो माणसांचा व्यापारी पीटर्सबर्गला कधीपर्यंत आहे?"

लेटीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, थांब म्हणून. अजून पीक उरलं होतं, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं मागायला हवं होतं.

"पिकाचं मला फारसं पडलेलं नाही," लायनल म्हणाला. "भरलेली तिन्ही पिंपं दादानं आणि आईनं घ्यावीत. मला ते अर्धवट चौथं चालेल. बाबांची आठवण म्हणून."

५

"बार्क्सडेल साहेब," मी भिंतीपासून पुढे आले. "ते चौथं पिंप वाटणीत घेऊ नका. ते नासलंय."

सगळे माझ्याकडे वळले.

"तुला कुणी विचारलं?" नॅथॅनिएल गुरकावला.

"कुणी नाही. पण पिंप मी भरलंय आणि वरची पानं कुणीतरी कोरड्या वाऱ्यात उसकलीत. सरकारी गोदामात तपासनीस ते फोडतील, चुरा बघतील आणि सगळ्यांसमोर जाळतील. वर साहेबांचं नाव निघेल, की वाटणी करताना पिंपात बघितलंच नाही."

बार्क्सडेलच्या भुवया वर गेल्या. तंबाखूवाल्याला काहीही म्हणा, पण माल न बघता सही करतो असं म्हणू नका.

"उघडा," तो म्हणाला.

"कशाला?" लायनल पुढे झाला. "माझाच वाटा आहे, मला चालतोय. म्हातारीचं काय ऐकता?"

आता नॅथॅनिएलचे कान लाल झाले. "तुला एवढी घाई का रे? उघडा म्हणतो मी!"

धोंडा उतरला, फळी निघाली. बार्क्सडेलनं वरची पानं चिमटीत घेतली. चुरा ओला झाला तरी त्याचं पान होत नाही. त्याच्या बोटांत नुसता लगदा आला. त्यानं कोटाच्या बाहीसकट हात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, दंडापर्यंत. मग थांबला. हात बाहेर आला तेव्हा त्यात घडी केलेला कागद होता. त्यानं उलटून बघितला.

"ही माझी सही," तो म्हणाला.

त्यानं सगळा कागद मोठ्यानं वाचला. म्हाताऱ्यानं निदान एवढं खोटं सांगितलं नव्हतं. अकरा नावं होती. लेटीचं नाव वाचलं तेव्हा तिनं तोंडावर हात घेतला आणि हुंदका दाबला. मला रडू आलं नाही. मला राग आला होता आणि तो ओसरत नव्हता.

लायनलनं लगेच स्वतःला सावरलं. "देवाची कृपा! पण हा इथं आला कसा? या अ‍ॅगीला बरोबर ठाऊक होतं. तिनंच लपवला असणार."

"आमच्या सुटकेचा कागद मी जॉर्जियाच्या व्यापाऱ्यासाठी लपवला?" मी म्हटलं. "ऐका. लायनल, पुरायच्या दिवशी तू मला सांगितलंस, वखारीत बसून दोन काठ्यांची पानं उतरवली."

"'तू' म्हणतेस मला?"

"तूच. त्या दिवशी चार दिवसांचा कोरडा वारा होता. बार्क्सडेल साहेब, कोरड्या वाऱ्यात पानं उतरवतात?"

"येडा असेल तोच उतरवेल," बार्क्सडेल म्हणाला.

"काठ्या हललेल्या नव्हत्या, जमिनीवर चुरा नव्हता. चुरा होता तो याच्या एका बाहीत, दंडापर्यंत. पानं उतरवणाऱ्याच्या मांडीवर चुरा पडतो. दंडापर्यंत पडतो तो पिंपात हात घालणाऱ्याच्या." मी बार्क्सडेलच्या बाहीकडे बोट केलं. ती तशीच माखली होती. सगळ्यांनी बघितली. "तिन्ही चांगली पिंपं सोडून नासकं कोण मागतो, तेही आत्ता तुम्ही ऐकलंत."

लायनल हसला. "छान गोष्ट आहे. कोर्टात सांग ना. गोऱ्या माणसाविरुद्ध तुझी साक्ष कोण ऐकणार?"

"कोर्टात माझं तोंड बंद आहे. वखारीत नाही. इथं तू ऐकलीस, तुझ्या भावानं ऐकली, तीन पंचांनी ऐकली. जिल्ह्यात या तिघांच्या जेवणाच्या टेबलावर तुझं नाव निघेल तेव्हा मी तिथं असायची गरज नाही."

टॅबिथाबाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. नॅथॅनिएल भावाच्या अंगावर धावला, त्याला दोघांनी धरलं. दम खाऊन झाल्यावर त्यानं आपला राग माझ्याकडे वळवला.

"झालं ना मनासारखं? आता पुढच्या महिन्यात कोर्टानं कागद मान्य करेपर्यंत निमूट काम करा. पान नरम आलंय, काठ्या उतरवा. आणि आधी टेकडीवर जाऊन बाबांच्या पाया पडून या. एवढं मोठं दान कोण देतं?"

बाकीचे दहा जण माझ्याकडे बघत होते. बार्क्सडेलही बघत होता. त्यानं विचारलं, अगदी हळू, "अ‍ॅगी, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कागद घेऊन पोरीला पळवलं का नाहीस?"

"पळाले असते तर मी चोर ठरले असते साहेब. मला चोर दाखवायचा होता." मी नॅथॅनिएलकडे वळले. "कागदाचा चोर तुम्ही बघितलात. माणसांचा चोर तुम्हीच टेकडीवर पुरून आलात, डोक्यावरची टोपी काढून. त्याचे उपकार मी मानणार नाही. आणि त्याची तंबाखूही उतरवणार नाही. कोर्ट महिन्यानं काय म्हणायचं ते म्हणू दे. ज्याला मला आत्ता अडवायचंय त्यानं या साहेबांसमोर, हातात हा कागद असताना, पुढे यावं."

मी लेटीचा हात धरला आणि दाराकडे चालू लागले. नॅथॅनिएल दारात उभा होता. मी थांबले नाही. माझ्यामागे एकेक करून नऊ जणांची पावलं वाजू लागली.

तो बाजूला झाला.